अनुभव धागा: स्कूल बसमध्ये चढता-उतरताना तुमच्या लेकरासोबत काय झालं? (नागपूर)

मनीषनगरची आई

मागच्या गुरुवारची गोष्ट आहे, अजून हात थरथरतात म्हणून लिहायला इतके दिवस लागले. माझी मुलगी दुसरीत आहे. तिची बस दुपारी सव्वादोनच्या आसपास बेसाकडून येते अन् आमच्या गल्लीच्या समोर, पण रस्त्याच्या पलीकडे थांबते. मी रोज अलीकडच्या बाजूला उभी राहते कारण तिकडे सावली नाही अन् इकडे कडुनिंबाचं झाड आहे. त्या दिवशी बस थांबली, तिची दोन वेण्यांची सावली दारात दिसली अन् मी नेहमीसारखा हात हलवला. ती उतरली अन् "आई" म्हणत बसच्या अगदी पुढून, बंपरला घासून, धावत सुटली. बस तेवढ्यात हलली होती. मुलांना चढवा-उतरवायला बसमध्ये असतात त्या मावशींनी पत्र्यावर धडाधड थापा मारल्या, "थांबव, थांबव रे," अन् बस झटका खाऊन उभी राहिली. मुलगी बसच्या कोपऱ्यातून बाहेर आली तेव्हा उजवीकडून एक मोपेडवाला बसला ओलांडून जाऊन राहिला होता, त्याने हँडल वळवलं म्हणून, नाही तर मी आज हे लिहितच नसते.

घरी येऊन मी आधी ड्रायव्हरला दोष दिला, मग मोपेडवाल्याला. रात्री मुलीला विचारलं का धावलीस, तर म्हणाली, तू बोलावलं ना. हात मी हलवला होता. रोज हलवत होते, दोन वर्षं.

म्हणून हा धागा. तुमच्यासोबत काय झालं अन् आता तुम्ही काय करता ते लिहा. शाळेचं किंवा बसमालकाचं नाव टाकू नका, भांडण होते अन् मुद्दा तिथंच राहते.

स्टिअरिंगवाला

ताई, मी स्कूल बस चालवतो, त्याच्या आधी बरेच वर्ष ट्रक चालवला. तुमच्या ड्रायव्हरची बाजू घेऊन नाही राहिलो पण त्याला तुमची मुलगी खरंच दिसली नसंल. मी स्वतः पाहून घेतलं आहे हे. एकदा गाडी उभी होती, मालकाचा पोट्टा सात वर्षाचा, त्याले म्हटलं तू पुढे बंपरला पाठ लावून उभा राय, मी सीटवर बसतो. काही नाही दिसलं. नुसता रस्ता. म्हटलं चार पावलं पुढे जा, तरी नाही. अजून दोन पावलं गेला तेव्हा केस दिसले, अन् तोंड दिसायले त्याच्यापुढे अजून जावं लागलं. पुढे गोल आरसा असला तं जरा दिसते पण त्याच्यात माणूस बोटाएवढा होते, अन् पावसात त्याच्यावर पाणी साचलं की तेही नाही.

दुसरं म्हणजे मागचं चाक. लोकायले वाटते पुढचं चाक गेलं म्हणजे बस गेली. बस वळते तेव्हा मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं येतच नाही, आतून कापत येते, फुटपाथला घासून. पोरगं उतरून तिथंच उभं असलं, हातातली वॉटर बॅग पडली, ते उचलायले वाकलं, की आरशातून गायब. वाकलेलं पोरगं मले कोणत्याच आरशात नाही दिसत, हे सगळ्या आईबापांनी घरी सांगून ठेवा. काही पडलं तं पडू द्या, आधी मावशीले आवाज द्या.

मी काय करतो तं मुंडकी मोजतो. चार उतरली तं चार फुटपाथवर उभी दिसली पाहिजे, तवाच गियर टाकतो. मागचे हॉर्न मारतात, शिव्या देतात, दोन दोन ट्रिपा असतात, पहिली लेट झाली की दुसऱ्या शाळेतून फोन सुरू होतात. तरी मोजतो. फक्त एक करा, बस आली की पोरं धावत बसजवळ येऊ देऊ नका, पूर्ण थांबून दार उघडलं की मग या. सकाळी साडेसहाले हिवाळ्यात अंधार असते, धुकं असते, कोराडी रोडवर तं समोरचा ट्रक दिसत नाही, पहिलीतलं पोरगं काय दिसंल.

कामठी रोडच्या मावशी

हे माझी आई सांगून राहिली, मी टाइप करून राहिलो. ती आठ वर्षांपासून स्कूल बसवर मावशी म्हणून जाते.

ती म्हणते की मले सगळ्यात भेव तान्ह्या पोळ्याचं वाटते. शाळेत पोळा करतात, पोरं आपापले लाकडी बैल घेऊन येतात, चाकाचे, सजवलेले, शिंगाले बेगड, गळ्यात घुंगरं. जातानी एका हातात बैल, दुसऱ्या हातात बक्षिसाचा खाऊ, पाठीवर दप्तर. दांडा धरायले हातच नाही. एक बारकं पोट्टं केजीचं, त्याचा बैल त्याच्यापेक्षा जड होता. मी खाली उतरून त्याले हात द्यायले उभी, तं ते म्हणे मी देत नाही बैल, माझा आहे. पायरीवर आलं, अन् बैलाची दोरी दारात अडकली. त्याले वाटलं कोणी बैल ओढून राहिलं, त्यानं जोर लावला अन् दोरी तुटली तसं ते उलटं खाली. मी खाली होती म्हणून माझ्या अंगावर आलं. मले कोपराले लागलं, त्याले काही नाही झालं, बैलाचं एक चाक मात्र निघून बसच्या खाली गेलं. अन् हे पोट्टं माझ्या हातातून सुटून चाकाच्या मागं, बसच्या खाली घुसायले निघालं. मी त्याची कॉलर धरली. ड्रायव्हर पाहून राहिला होता म्हणून बरं, त्यानं बस बंदच केली, चावी काढून खाली आला अन् त्यानंच काठीनं ते चाक काढून दिलं.

तेव्हापासून आई पोळ्याच्या दिवशी सगळ्यांचे बैल चढतानाच स्वतःकडे घेते, मागच्या सीटवर ओळीनं ठेवते, अन् पोरगं खाली उतरून आईबापाच्या हातात गेलं की मग बैल देते. पोरं रडतात पण देते नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ड्रेसच्या पिशव्या असतात तेव्हाही तसंच.

आई अजून सांगते, एप्रिलमध्ये दुपारी दाराचा दांडा इतका तापते की पोरं हात लावतच नाहीत, तशीच उड्या मारून उतरतात. तिनं घरच्या जुन्या सुती साडीची पट्टी दांड्याले गुंडाळून घट्ट शिवून टाकली आहे. पावसाळ्यात ती काढून टाकते, ओली राहिली की घसरते.

दिघोरीचे आजोबा

नातवाला आणायला मीच जातो. आमच्याकडे सिमेंटचा रस्ता झाला, छान झाला, पण रस्ता वर आणि बाजूची जमीन खाली, मधे बरीच फट. कुठे गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवलेत, कुठे नुसती गिट्टी टाकून सोडली आहे. बस रस्त्याच्या अगदी काठाला लागते आणि लेकराचा पाय पायरीवरून थेट त्या खड्ड्यात. नातू पडला, पाय मुरगळला, तीन आठवडे पट्टी. मला राग आला होता पण सगळ्यात आधी मी टेप घेऊन गेलो आणि मोजलं, पायरीपासून खालच्या गिट्टीपर्यंत त्याच्या मांडीएवढी उंची होत होती. शेजारच्या गेटपुढे त्यांनी स्वखर्चाने गट्टू सपाट बसवून घेतलेत. ड्रायव्हरला विनंती केली, बाबा, वीस पावलं पुढे थांब. तो थांबतो. इतकंच.

एक निवृत्त शिक्षिका

आजोबांनी टेप घेऊन मोजलं हे मला फार आवडलं, कारण पायरी किती उंच असावी, दांडा कुठे असावा, याचा आपल्याकडे नियम आहे आणि पालकांना तो माहीतच नसतो. महाराष्ट्रात 2011 मध्ये स्कूल बससाठी वेगळे नियम आले. तेव्हा मी शाळेत होते. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, अध्यक्ष मुख्याध्यापक, त्यात पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलिसांचा, आरटीओचा. बसमध्ये अटेंडंट हवा, मुली असतील तर बाई हवी. वेग बांधणारं यंत्र, प्रथमोपचार पेटी, मुलांची यादी पत्त्यासकट.

आणि नागपूरला हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. 2012 मध्ये आपल्याच शहरात एका शाळकरी मुलाचा स्कूल बसखाली येऊन जीव गेला आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. त्या वर्षी स्टाफरूममध्ये कोणी डबा उघडला की तोच विषय निघायचा. सगळ्या शाळांनी धावपळ करून समित्या केल्या. मीही एका समितीत होते. पहिल्या दोन बैठका झाल्या, आम्ही खरोखर बसमध्ये चढून बघितलं, एका बसच्या दाराची रबराची पट्टी निघालेली सापडली. पुढे बैठका कागदावर व्हायला लागल्या. रजिस्टर फिरायचं, आम्ही सह्या करायचो. मीसुद्धा केल्या. ते मला आजही खुपतं. म्हणून सांगते, तुमच्या शाळेत जा आणि समितीतला पालक प्रतिनिधी कोण आहे एवढंच विचारा. दोन मिनिटांत नाव सांगता आलं नाही तर तुम्हाला कळेल समिती कशी चालते ते.

नंदनवन

सगळे बसचं लिहून राहिले, आमची पोरं ऑटोने जातात, परवडत नाही बस. दप्तरं बाहेर लटकलेली, पोरं दोन्हीकडून उतरतात. ऑटोवाल्या भाऊला आम्ही पाच घरांनी मिळून उजव्या बाजूला लोखंडी जाळी लावून दिली वेल्डिंगवाल्याकडून. आता उतरायचं तर डावीकडूनच. एवढा एक बदल केला.

सेकंड इयर, कामठी

मी लिहू का, मी पालक नाही, पण हे माझ्यासोबत झालंय. मी सातवीत होते. दप्तराला लांब बेल्ट होते, उरलेला भाग खाली लोंबायचा, तेव्हा सगळ्या मुली तसाच ठेवायच्या, फॅशन होती. उतरले, दार घडी होऊन बंद झालं अन् बेल्ट आत राहिला. मला कळलंच नाही, मी चालायला लागले तर कोणीतरी मागून ओढतंय असं वाटलं, मला वाटलं मैत्रीण मस्ती करून राहिली, वळून बघेपर्यंत बस सुटली होती. मी बससोबत धावले. किती पावलं ते नाही आठवत, आठवतं ते हे की माझा डावा बूट निघाला होता अन् सॉक्समधून डांबर गरम लागत होतं. आतल्या पोरांनी खिडकीतून पाहून आरडाओरडा केला म्हणून थांबली. घरी सांगितलं नाही मी, बस बंद करतील अन् मैत्रिणी सुटतील या भीतीने. आई हे वाचत असेल तर सॉरी.

तुमच्या मुलींचे बेल्ट, ओढण्या, स्वेटरच्या नाड्या बघा. आणि त्यांना विचारा, कारण त्या स्वतःहून सांगणार नाहीत.

गाडीवाला

तीन दिवस झाले हा धागा वाचून राहिलो. मी त्या मोपेडवाल्याच्या जागी होतो एकदा. प्रतापनगरच्या आसपास, ऑफिसला उशीर झाला होता, समोर पिवळी बस उभी, उजवीकडून जागा नव्हती म्हणून डावीकडून घातली, बस अन् फुटपाथच्या मधून. दार तिकडेच असते हे माझ्या डोक्यातच नाही आलं. एक मुलगा चढून राहिला होता, माझ्या हँडलने त्याच्या डब्याची पिशवी उडाली. डबा उघडला, पोळीभाजी रस्त्यावर. त्याच्या अंगाला लागलं नाही. तो डब्याकडे पाहत राहिला अन् मग माझ्याकडे, रडला पण नाही. त्याच्या वडिलांनी माझी कॉलर धरली, मी काही बोललो नाही, काय बोलणार. पिवळी बस उभी दिसली की आता मी मागेच थांबतो, इंजिन बंद करतो. मागचे ओरडतात.

मनीषनगरची आई

सगळ्यांचं वाचलं, मिस्टरांना पण वाचून दाखवलं. स्टिअरिंगवाले दादा, तुमचं वाचून रविवारी आम्ही आमच्या ड्रायव्हरकाकांना विचारून उभ्या बसमध्ये मुलीला त्यांच्या सीटवर बसवलं अन् मी बंपरसमोर उभी राहिले. मी साडेपाच फूट, मी दिसले. मग शेजारचा चार वर्षांचा मुलगा माझ्या जागी उभा केला. ती आतून ओरडली, "आई, तो गेला कुठं?"

आता मी पलीकडे जाऊन उभी राहते, बसच्या दाराच्या बाजूला, उन्हात, छत्री घेऊन. हात हलवत नाही. ती उतरली की आम्ही दोघी हात धरून फुटपाथवर थांबतो, बस चौकापर्यंत जाऊ देतो, मग रस्ता ओलांडतो. चार-पाच मिनिटं जास्त लागतात.

बाई, तुम्ही म्हणालात तसं शाळेत जाऊन समितीचं विचारलं. नाव सांगता आलं नाही कोणाला. प्रिन्सिपल मॅडमनी शुक्रवारी साडेचारला भेटायला बोलावलं आहे, आमच्या बसचे अकरा पालक येऊन राहिले. स्टॉप अलीकडच्या बाजूला मिळावा म्हणून अर्ज लिहायचा आहे, कोणी असा अर्ज आधी दिला असेल तर मजकूर इथे टाका, गुरुवार रात्रीपर्यंत.