आपत्तीतला फोन: तुमचे अनुभव लिहा

पूर, भूकंप, वादळ, आग. अशा वेळी फोनने तारलं की अडचणीत टाकलं? स्वतःवर आलेला प्रसंग लिहा, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

*

पाणी पायऱ्या चढत होतं आणि फोन वाजत होता. सगळे मायेनेच "कसे आहात?" विचारत होते, मी उचलत गेले. पहाटे बचाव पथकाचा फोन आला तेव्हा बॅटरी ३ टक्के. पत्ता अर्धा सांगून झाला आणि फोन बंद पडला. बोट आम्हाला शोधत फिरत राहिली, सासूबाईंचं इन्सुलिन तोवर भिजून गेलं होतं. आता घरात ठरलंय: लांब राहणाऱ्या नणंदेला एकच मेसेज करायचा, बाकी सगळ्यांना ती कळवणार.

*

भूकंपानंतर मुलीला कॉल लागेना. लावत राहिलो, लावत राहिलो. शेवटी साधा एसएमएस टाकला, तो पोचला.

*

टॉवरच्या देखभालीचं काम करतो, म्हणून सांगतो. कॉल चालू असेपर्यंत नेटवर्कवरची जागा अडते. एसएमएसला क्षणभराची पुरते, आणि समोरचा फोन बंद असला तर तो कंपनीच्या मेसेज केंद्रात थांबून नंतर पोचतो. वीज गेली की बहुतेक टॉवर बॅटरीवर येतात, तीही काही तासांचीच. म्हणून खुशालीचा निरोप लवकर पाठवा. रेंज अगदी कमी असेल तर फोन ती शोधण्यातच बॅटरी संपवतो. मधूनमधून फ्लाइट मोडवर टाका.

*

लिहायला जड जातंय. "धरण फुटलं" हा मेसेज मी पुढे पाठवला होता, काळजीपोटी. तो वाचून आमच्याच इमारतीतले एक आजोबा अंधारात जिना उतरताना पडले, मांडीचं हाड मोडलं. धरण शाबूत होतं. सोबतचा व्हिडिओ जुन्या पुराचा निघाला. त्यांनी मला माफ केलं. मला ते अजून जमलेलं नाही.

*

मी आपत्कालीन कॉल घेते. आधी ठिकाण सांगा, मग काय झालं ते. कॉल मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो, लावून बघा. आणि चुकून लागला तर कापू नका, "चुकून लागला" एवढं बोला. नुसता तुटलेला कॉल आला की पलीकडे कुणी संकटात आहे का, या धास्तीने आम्ही परत लावत राहतो.