'कंट्रोल्ड डिलिव्हरी'ला मराठीत काय म्हणावे?

मृणाल
अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धच्या १९८८च्या व्हिएन्ना कराराचा अनुवाद करते आहे. अकराव्या कलमाशी अडले. कस्टमला पेटीत हेरॉइन सापडते, पण जप्त न करता, पाळत ठेवून पेटी पुढच्या देशात जाऊ देतात. नुसता वाहून नेणारा नव्हे, माल सोडवून घेणाराही हाती लागावा म्हणून. मी 'नियंत्रित वितरण' लिहिले. संपादक म्हणाले, हे सरकारच वाटप करते आहे असे वाचले जाते. त्यांचे म्हणणे पटले. दुसरा शब्द सुचवा.

केदार
'पाळतीखालची रवानगी'.

सुलभाताई
रवानगी म्हणजे निघणे. इथे सगळा जीव मुक्कामी पोचण्यात आहे. शिवाय त्याच कलमात माल काढून घ्यायची, त्याजागी दुसरे काही भरायचीही मुभा आहे, संबंधित देशांची संमती असली की झाले. म्हणजे पाळत मालावर नाही, पेटीच्या प्रवासावर.

केदार
आणि वर 'तस्करी' का? करारातल्या 'इलिसिट ट्रॅफिक'मध्ये लागवड, उत्पादन, विक्री सगळे येते. तस्करी म्हटले की फक्त सीमा डोळ्यांपुढे येते. 'अवैध व्यापार' करा.

भास्करराव
तस्करीत मुळात सीमाही नाही. तस्कर म्हणजे साधा चोर. रुद्रात 'तस्कराणां पतये नमः' आहे. शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काने 'तत्कर', म्हणजे ते पापकर्म करणारा, अशी फोड केली. आम्ही वर्तमानपत्रांत 'चोरटी आयात' वाचत मोठे झालो. तस्करी हिंदीतून आली, असे माझे ठाम मत आहे.

मृणाल
पण यात चोरी कुणाची? माल त्यांचाच असतो, ते तो लपवतात. लोक तस्करीच म्हणतात, मी तेच ठेवणार.

शुभदा
'अमली' की 'अंमली'? माझी आजी 'अंमल चढला' म्हणायची, अनुस्वारासकट. मूळ अरबी 'अमल'. 'अंमलबजावणी'ही तिथूनच. नशा आणि ती रोखणारा कायदा एकाच शब्दाची लेकरे, याचे मला अजून नवल वाटते.

भास्करराव
म्हणूनच 'मादक द्रव्य' लिहावे. शुद्ध संस्कृत.

सुलभाताई
शुद्ध असेल, नेमके नाही. मद म्हणजे उन्माद. अफूने माणूस मत्त होत नाही, गुंगतो. 'नार्कोटिक'मागचा ग्रीक शब्दही बधिरपणाचा आहे. चढणारा आणि उतरणारा, दोन्ही अंमल 'अंमली'त मावतात.

भास्करराव
मग कोकेनला नार्कोटिक का म्हणतात? त्याने तर झोप उडते.

सुलभाताई
१९६१च्या कराराने अफू, गांजा आणि कोकेन एकाच नावाखाली घातले म्हणून. ती कायद्याची व्याख्या, औषधशास्त्राची नव्हे.

मृणाल
अकरावे कलम राहिलेच. सध्या 'पाळतीखालची पोच' लिहून ठेवले आहे.

शुभदा
पोच म्हणजे पावतीसुद्धा ना?

भास्करराव
आजीच्या अनुस्वाराबद्दल थोडे सांगायचे आहे. जुन्या पत्रांत मी 'अमल' आणि 'अंमल' दोन्ही पाहिले आहेत.