विद्यार्थ्यांच्या पीएसडी फाइल्सनी ड्राइव्ह भरलाय, गृहपाठ मागवायचा कसा?

मेघना_फोटोवर्ग (सातारा)
नमस्कार. मी संध्याकाळी फोटो एडिटिंगचा वर्ग घेते. मुलं बहुतेक लग्नाच्या स्टुडिओत दिवसभर राबून येणारी. गृहपाठाची पीएसडी, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर (लेयर) वेगळे जपणारी फोटोशॉपची फाइल, गुगल फॉर्मवर मागवते आणि माझा १५ जीबीचा ड्राइव्ह आता काठोकाठ आलाय. जीमेलही त्याच जागेत असल्याने मेल यायचे थांबतील, ही धास्ती वेगळीच.

नुसती जेपीजी मागवा, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. नवरीच्या गालावरचा डाग वेगळ्या लेयरवर काढलाय की मूळ फोटोवरच घासलाय, गजऱ्याच्या कडेला मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा, कोणता झाकावा ते ठरवणारा) कसा फिरवलाय, हे जेपीजीत दिसत नाही. आणि मी शिकवते ते नेमकं हेच. शिवाय खेड्यातली मुलं दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर असतात. एक मोठी पीएसडी चढवली की त्यांचा दिवसाचा नेट संपला. काय करता येईल?

रॉवाला_नाशिक
ताई, आधी फॉर्म बंद करा. फॉर्ममधून आलेली फाइल तुमच्या खात्यात मोजली जाते. मुलांनी आपापल्या ड्राइव्हवर ठेवून लिंक दिली, तर तुमची जागा जात नाही. ट्रॅशही रिकामा करा. डिलीट केलेल्या फाइल्स तिथे ३० दिवस जागा अडवून बसतात.

दुसरं, रंग-उजेडाच्या धड्यांना पीएसडी हवीच कशाला? सगळ्यांना एकच रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल, द्या. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमध्ये काम करून त्यांनी फक्त एक्सएमपी, म्हणजे सोबत तयार होणारी सेटिंग्जची छोटी फाइल, पाठवायची. तिच्यात फोटो नसतोच, एक्स्पोजर किती, कर्व्ह कसा, क्रॉप कुठे एवढंच लिहिलेलं असतं. साधं काम असेल तर काही केबीत भागतं. तुम्ही तीच रॉ उघडायची आणि ‘लोड सेटिंग्ज’मधून एकेकाची एक्सएमपी लावायची. पोराने स्लायडर जिथे सोडले तिथेच दिसतात. फाइलचं नाव सगळ्यांचं सारखंच येणार, म्हणून पुढे रोल नंबर घालायला सांगा. फोटोशॉपऐवजी लाइटरूम क्लासिक हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना कंट्रोल-एस दाबायची आठवण करा, नाहीतर एक्सएमपी तयारच होत नाही.

शीट_डिझायनर
मॅडम, मी लग्नाच्या अल्बमच्या शीट, म्हणजे छापायची पानं, करतो. १२ बाय ३६ इंचाची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे १०८०० बाय ३६०० पिक्सेल. ८ बिटमध्येसुद्धा एक भरलेला लेयर कॉम्प्रेशनआधी सुमारे ११७ एमबी, १६ बिटला दुप्पट. लॅबला हे माप लागतं, वर्गाला नाही. मांडणी शिकताना १०० डीपीआय ठेवा, पिक्सेल थेट नवव्या हिश्श्यावर येतात.

चेहऱ्याच्या रिटचिंगला मात्र हे अजिबात करू नका. फोटो लहान केला की कातडीचा पोतच जातो, मग मुलं शिकणार काय? तिथे मूळ रिझोल्युशन तसंच ठेवून फक्त चेहरा कापून द्या, २००० बाय २००० पुरे. कापताना ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’वर टिक हवी, नाहीतर बाहेरचा भाग आत लपून राहतो. स्मार्ट ऑब्जेक्टचंही (मूळ फोटो आत जपून ठेवणारा लेयर) तसंच: शीटवर फोटो अंगठ्याएवढा दिसला तरी आत अख्खा बसलेला असतो. म्हणून फोटो आधी लहान करून मगच शीटवर आणायला लावा.

मेघना_फोटोवर्ग
दोघांचेही मनापासून आभार. चेहरा कापून द्यायचं मला सुचलंच नव्हतं, या आठवड्यापासून सुरू करते. मार्क दिल्यावर माझ्याकडे २०४८ पिक्सेलची जेपीजी आणि लेयर पॅनेलचा स्क्रीनशॉट एवढंच ठेवेन. एक विचारायचं राहिलं: पीएसडी सेव्ह करतानाची ‘मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ ही सोय बंद केली तर मास्क उडतील का?

शीट_डिझायनर
नाही, लेयर आणि मास्क जसेच्या तसे राहतात. फक्त सगळे लेयर मिळून होणारं जादा चित्र सेव्ह होत नाही, तेवढी फाइल हलकी. पण अशी पीएसडी लाइटरूम घेत नाही, फोटोशॉपमध्येच उघडून तपासा.