५४ आणि ६० मिमीचे शिपाई एकाच रांगेत? मला तरी खपत नाही

शिसेकारी:
हल्ली खेळण्यातल्या शिपायांच्या संग्रहांचे फोटो बघताना एक गोष्ट फार खटकते. ब्रिटन्स या खेळणी कंपनीचा जुना ५४ मिमीचा पोकळ शिशाचा शिपाई, आणि शेजारी किंग अँड कंट्री कंपनीचा १/३० चा, म्हणजे खऱ्या माणसाच्या तिसाव्या हिश्शाचा, साधारण ६० मिमीचा नवा गडी. जुन्याचा खांदा नव्याच्या काखेपाशी! उंचीतला फरक जेमतेम ५-६ मिमी, पण मूर्ती तिन्ही बाजूंनी वाढते. ५४ ची ६० केली की आकारमान ३७ टक्क्यांनी वाढतं. म्हणून नवा नुसता उंच दिसत नाही, दांडगा दिसतो. माझं मत स्पष्ट आहे: एका रांगेत एकच स्केल. आणि कंपन्यांनी मिमी छापणं बंद करून अपूर्णांक छापावा.

टोपीखालचा:
अहो, खेळणी आहेत ती! १८९३ मध्ये ब्रिटन्सने पोकळ ओतकाम सुरू केलं तेव्हा ५४ मिमी हे माप एक नंबर गेजच्या (रुळांच्या रुंदीचं एक माप) खेळण्यातल्या आगगाडीला साजेसं म्हणून घेतलं, शरीरशास्त्राची पुस्तकं चाळून नव्हे. शिवाय ५४ मिमी म्हणजे साधारण १/३२, आणि १/३२ ला ६ मिमी म्हणजे खऱ्या मापात १९ सेमी. पलटणीत १६५ सेमीचा आणि १८४ सेमीचा शेजारी उभे राहिले तर तुम्ही कुणाला बाहेर काढणार?

शिसेकारी:
माणूस उंच असेल हो, बंदूक कशी उंच होईल? पहिल्या महायुद्धातली ब्रिटिशांची ली-एनफिल्ड बंदूक सगळ्यांच्या हातात तीच, ११३ सेमीची. १/३२ ला ती ३५ मिमी भरते, १/३० ला जवळपास ३८. कॅलिपर लावून बघा. डोक्याचंही तसंच. उंच माणसाचं डोकं काही त्या प्रमाणात मोठं होत नाही. माणसाला सूट आहे, सामानाला नाही.

मोजपट्टी:
बंदुकीचा मुद्दा बिनतोड. पण '५४ मिमी' म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे आधी ठरवा. कुणी तळव्यापासून डोक्यापर्यंत मोजतो, कुणी डोळ्यांपर्यंत, कारण अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोपीखाली टाळू सापडणार कुठे? त्यात बेसची जाडी धरायची की नाही हा आणखी एक घोळ. एकच आकडा छापलेले दोन शिपाई म्हणूनच शेजारी ठेवले की वर-खाली होतात.

लहान मापात तर आनंदीआनंद आहे. एअरफिक्स या मॉडेल कंपनीच्या जुन्या खोक्यांवर ओओ आणि एचओ ही खेळण्यातल्या आगगाड्यांची दोन्ही मापं छापलेली असायची. ओओ म्हणजे १/७६, एचओ म्हणजे १/८७. १७५ सेमीचा माणूस एकात २३ मिमी, दुसऱ्यात २०. पुढे त्यावर १/७२ आलं, म्हणजे २४. वॉरगेमवाल्यांचे, म्हणजे टेबलावर लढाईचा खेळ खेळणाऱ्यांचे, शिपाई २५ मिमीचे २८ झाले, आता ३२ आलेत. त्यांची डोकी आणि हात तर मुद्दाम फुगवलेले असतात, टेबलाच्या पलीकडून दिसावेत आणि रंगवायला सोपं जावं म्हणून. तिथे अपूर्णांक छापलात तर तो उंचीला लागू करायचा की डोक्याला?

टोपीखालचा:
अपूर्णांकाचं एवढं कौतुक कशाला? तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या १/३५ चा जन्म ठाऊक आहे ना? मोटर लावलेल्या पँथर रणगाड्याच्या पोटात बॅटऱ्या मावायला हव्या होत्या, त्या हिशेबाने रणगाडा झाला, मग मोजलं तर १/३५ च्या आसपास निघालं. त्या आकड्याचं आता तुम्ही सोवळं पाळताय.

शिसेकारी:
आकडा बॅटरीतून येवो नाहीतर आगगाडीतून. रणगाडा आणि त्यातून डोकावणारा माणूस एकाच मापाचे असले की झालं. १/३५ च्या झाकणात १/३० चा कमांडर बसवून बघा, खांदे अडकतील.

मागची फळी:
मी तर मुद्दाम मिसळतो. ६० वाले पुढे, ५४ वाले मागे. मैदान खोल वाटतं, फोटो झकास येतो.

मोजपट्टी:
फोटोत, हो. बाजूने बघणाऱ्याला मागे ठेंगू पलटण उभी दिसते. आणि घोडदळात ही युक्ती साफ फसते. घोडा थोडा मोठा झाला की स्वाराचे पाय पोटाच्या मध्यावरच संपतात.

टोपीखालचा:
घोड्यांचं मान्य, पायदळाचं नाही. माझी रांग मिसळलेलीच राहणार. फक्त एलास्टोलिन या जुन्या ब्रँडचे ७ सेमीवाले वेगळ्या फळीवर आहेत, आणि तिथे मीही दुसऱ्या कुणाला उभं करत नाही. आता हसा.

शिसेकारी:
हसलो. तुमचा नियमही माझाच आहे, फक्त तुमची मर्यादा १६ मिमीची आणि माझी दोनची.