मदत हवी आहे: फुप्फुसातल्या धमनिका उलट का वागतात?

नमस्कार मंडळी, ठाण्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते. येऊरचा चढ चढताना मांडीच्या स्नायूंत ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, धमनिका (रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या) रुंदावतात, रक्त जास्त येतं. इथवर मुलांना पटतं. पण फुप्फुसात जिथे हवा कमी पोचते, तिथल्या धमनिका ऑक्सिजन घटताच आकसतात! रक्त हवेशीर वायुकोशांकडे वळावं म्हणून. हे सुंदरच आहे, पण तो हेतू झाला. मला घडतं कसं ते हवंय. धमनिकेच्या भिंतीतल्या स्नायुपेशींचे पोटॅशियम चॅनेल (पोटॅशियम ये-जा करण्याचे मार्ग) बंद होतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी आकसते, एवढं वाचलंय. मग मांडीत तसं का होत नाही? आणि लेहला, सुमारे ३५०० मीटरवर, सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी पडला की? शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या कुणी बारावीला झेपेल असं समजावून सांगाल का? मराठी आकृती असेल तर फारच बरं.