सोसायटी ग्रुप: रविवारी छोट्यांचा डायनोसॉर

ए-102, तन्वीची आई: दिवाळीच्या सुट्टीत छोट्यांसाठी डायनोसॉरचं काहीतरी करूया का? रविवारी सकाळी 10 ला, टेरेसवर. 'हाडं खोदा' वालं किट बघितलं, पण दोन हातोड्या मारल्या की खेळ खलास.

बी-301: किट कशाला? गणपतीच्या कारखान्यात शाडू उरलाय. शिंपल्या घरोघरी आहेतच, तिसऱ्या खाल्ल्या की धुऊन ठेवा 😄

सी-2, मास्तर काका: बरोबर. शाडूची बोटभर जाड पोळी थापा, शिंपलीची फुगीर बाजू खाली करून दाबा नि उचला. रेघ न् रेघ उमटते. भोवती पुठ्ठ्याची कड लावून प्लास्टर ओता. शिंपली गेली, चिखलात साचा राहिला, साच्यात दुसरंच काही भरलं. पुष्कळ जीवाश्म असेच होतात, पोरांना एवढं कळलं तरी खूप.
आणि चिकनवाल्याकडून कोंबडीचे पाय आणा, धुऊन शाडूवर दाबा. पुढे तीन बोटं, नखांची टोकं खोल, मागचं बोट जेमतेम टेकलेलं. मांसाहारी डायनोसॉरची पावलंही अशीच तीन बोटांची. पक्षी त्यांच्याच कुळातले, हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही.

बी-104: काका, टेरेसवर कोंबडीचे पाय? रविवारी एकादशी आहे हो 🙏

मास्तर काका: मग तुमची पोरं ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावर न्या. ओल्या वाळूत बगळ्यांची पावलं फुकट.

तन्वीची आई: तन्वी विचारतेय, मागच्या कातळात डायनोसॉर मिळेल का? खुरपं घेऊन बसलीय.

मास्तर काका: नाही मिळणार, आधीच सांगून टाका. आपला जांभा म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड ऊन-पावसात कुजून झालेला. हाडं टिकतात गाळात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला हाडं मिळालीत, शिवाय दगड झालेलं शेणही. शेण ऐकून पोरं जास्त खूश होतील. गुजरातेत रैयोलीला अंडी. गोदावरीच्या खोऱ्यातल्या बारापासॉरस नावाच्या डायनोसॉरचा सांगाडा तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा केलाय, सुमारे 14 मीटर लांब.

डी-201: 14 मीटर! पार्किंगमध्ये खडूने काढूया. सुंभाने माप घ्यायचं, पोरांनी शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं मोजत जायचं.

सेक्रेटरी: काढा, पण शनिवारी रात्रीच गाड्या हलवा. आणि उरलेलं प्लास्टर सिंकमध्ये ओतायचं नाही. डब्यातच घट्ट होऊ द्या, मग कचऱ्यात. पाइप तुंबला तर खर्च ज्याचा त्याने.

मास्तर काका: प्लास्टर मोठ्यांनीच कालवा. घट्ट होताना चांगलंच तापतं, पोरांचे हात बुडवून ठसे घेऊ नका. हाताचे ठसे शाडूतच.

तन्वीची आई: ठरलं. शिंपल्या, शाडू टेरेसवर. कोंबडीवाला प्रकार खाली पार्किंगमध्ये.

ए-405: चिकनवाल्याला सांगितलं. म्हणाला, नुसते पायच? घरी कोण आजारी आहे का? 😂