मिनेसोटाचं ६७-६७ चं सभागृह: समेट की अडला हरी?

तळ्याकाठचा
अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाचं २०२५ चं अधिवेशन मला तरी बऱ्याच वर्षांतलं सगळ्यात कामाचं वाटतं, शिव्या नंतर घाला आधी ऐका. हाऊसमध्ये (खालचं सभागृह) दोन्ही पक्ष ६७-६७, सिनेटमध्ये डीएफएलचं (तिथल्या डेमोक्रॅट्सचं हेच नाव) ३४-३३, आणि हाऊसमध्ये बिल पास करायला ६८ मतं लागतात, म्हणजे समोरचा एक तरी फोडल्याशिवाय पान हलत नाही. तरी दोन वर्षांचं साधारण ६६ अब्ज डॉलरचं बजेट झालं, शटडाऊन (बजेटअभावी सरकारी कामं बंद पडणं) टळलं. एकहाती सत्ता असती तर अर्ध्या राज्याने बोटं मोडली असती.

खडूस
सुरुवात सोयीस्कर विसरलात का? जानेवारीत डीएफएलचे लोक तीन आठवडे सभागृहात फिरकलेच नाहीत. कोर्टाने त्यांची एक जागा रिकामी ठरवली होती, तेवढ्यात रिपब्लिकन आपला स्पीकर बसवतील म्हणून कोरमच (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) होऊ दिला नाही. सुप्रीम कोर्टाने कोरम ६८ चाच असं सांगितलं तेव्हा कुठे तडजोड झाली, रिपब्लिकन लिसा डेमथ स्पीकर झाल्या. १९ मे ची मुदत गेली, बजेट अर्धवट, मग ९ जूनला स्पेशल सेशन. याला कामाचं म्हणायचं तर परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा पोरगाही अभ्यासूच.

तळ्याकाठचा
पास झाला ना पण :)

मधुरा_एम
पास कोणाच्या जिवावर ते पण सांगा. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित प्रौढांना मिनेसोटाकेअर (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा आरोग्य विमा) नुकतं २०२५ च्या सुरुवातीपासून मिळायला लागलं होतं, ते वर्षाअखेर बंद, फक्त मुलांचं राहिलं. हाऊसमध्ये ६८-६५, डीएफएलकडून एकटं मत त्यांच्या हाऊसमधल्या नेत्या मेलिसा हॉर्टमन यांचं, कारण त्यांनीच सौदा केला होता आणि तो पाळला. पाच दिवसांनी त्यांची घरात घुसून हत्या झाली, त्यावर इथे वाद घालायचा नाहीये मला. पण ज्यांचा विमा गेला त्यांना मतदानाचा हक्कच नाही, म्हणजे दोघांचा समेट आणि बिल तिसऱ्याच्या नावावर.

हिशोबी
मधुरा, पटतं, पण पैसा कुठून आणायचा? २०२३ ला डीएफएलकडे सगळी सत्ता आणि साडेसतरा अब्जांची शिल्लक होती, शाळेत फुकट जेवण, पगारी रजा, सगळं केलं, चांगलंच केलं. २०२५ च्या अंदाजात मात्र २०२८-२९ साठी सहा अब्जांची तूट दिसायला लागली. शिवाय एकहाती म्हणजे स्वच्छ असंही नाही, २०२४ ला शेवटच्या तासात चौदाशे पानांचं बिल रेटलं, वाचलं किती जणांनी देव जाणे.

खडूस
आणि २०२५ ला काय उघड्यावर झालं? बजेटच्या वाटाघाटी करणारे आमदारांचे वर्किंग ग्रुप बंद दाराआड बसले, पत्रकार बाहेर ताटकळत. तेव्हा चौदाशे पानं वाचायला वेळ दिला नाही, आता चर्चाच ऐकू दिली नाही. दोन्ही पक्ष एकत्र आले की विचारणारा कोणी उरत नाही, हा फायदा त्यांचा, आपला नाही.

हिशोबी
बंद दाराचं मान्य. पण बॉन्डिंग बिल बघ, कर्ज काढून रस्ते-पाणी-इमारती करायचं. त्याला तीन पंचमांश मतं लागतात, म्हणजे सत्ता कोणाचीही असो विरोधकांशी बोलावंच लागतं. २०२४ ला भांडणात ते राहूनच गेलं. २०२५ ला, त्याच स्पेशल सेशनमध्ये, सुमारे ७० कोटी डॉलरचं झालं.

मधुरा_एम
पाइप आले, विमा गेला. तुम्हाला हा सौदा स्वस्त वाटतो कारण पाइप तुमच्या गावात येणारेत.

तळ्याकाठचा
हे लागलं. पण मग शटडाऊन होऊ द्यायला हवं होतं का, हो की नाही तेवढं सांग.

मधुरा_एम
नाही. पण म्हणून टाळ्याही नाही वाजवणार.